मूर्ती घडते कशी?

(नव्या विहारासाठी बुद्धमूर्ती घेण्याचा विचार करण्याकरिता जमलेल्या उपासक-उपासिकांच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या वस्तीत विहाराची इमारत उभी राहिली आहे. कोणी एका दिवसाची मजुरी दिली, कोणी विटा दिल्या, ज्यांच्याजवळ काहीच नव्हते त्यांनी अंगमेहनत दिली. आणि त्यातून या चार भिंती व हे छप्पर झाले. आता येथे तथागतांची मूर्ती आणावयाची आहे. ती कशाची असावी, कोठून आणावी आणि तिच्यावर किती खर्च करावा, याचा विचार करण्यासाठी आपण आज जमलो आहोत.

मागच्या बैठकीत एका वयोवृद्ध मातेने मला एक प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "दादा, मूर्ती तर आणाल, पण तिच्यात बुद्ध केव्हा येणार? त्यासाठी कोणाला बोलवावं लागेल?" हा प्रश्न ऐकून काही तरुण हसले. मला ते हसणे योग्य वाटले नाही. ज्या मातेने लहानपणी गावच्या देवाचे दर्शन देवळाबाहेर, लांब उन्हात उभे राहून घेतले, जिला मूर्ती जवळून कधी पाहूच दिली नाही, तिला मूर्तीत काही गूढ शक्ती असते असे वाटले तर त्यात तिचा दोष कोणता? लांबून पाहिलेल्या वस्तूचेच माणसाला भय वाटते. म्हणून त्या मातेच्या प्रश्नाचे उत्तर मी आज देणार आहे. परंतु ते एकदम देणार नाही. मूर्ती घडते कशी, हे मी आपणास आधी सांगेन. ते नीट ऐकल्यावर उत्तर आपले आपणासच सापडेल, असा मला भरवसा आहे.

मूर्तीवाचून धम्म

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर चारपाच शतके त्यांची मानवी रूपातील मूर्ती कोणी घडविल्याचे आढळत नाही. सांचीच्या तोरणांवर बुद्धाच्या जीवनातील प्रसंग कोरलेले आहेत. पण जेथे बुद्ध असावयाचा तेथे रिकामे आसन आहे, बोधिवृक्ष आहे, पावलांचे ठसे आहेत किंवा धम्मचक्र आहे. आपल्या पुणे जिल्ह्यातील भाजे आणि कार्ले येथील चैत्यगृहांत मध्यभागी स्तूप आहे, मूर्ती नाही. कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर ज्या बुद्धमूर्ती आज दिसतात, त्या पुढच्या काळात कोरलेल्या आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास मथुरा आणि गांधार या प्रदेशांत बुद्धमूर्ती घडू लागली आणि तेथून ती साऱ्या आशिया खंडात गेली.

याचा अर्थ मूर्ती नको, असा नव्हे. बोधिसत्त्व बाबासाहेबांनी स्वतः २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथील विहारात रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. याचा अर्थ एवढाच की, मूर्ती नव्हती तेव्हाही धम्म होता, संघ होता, लेणी होती, आणि माणसे शीलाने वागत होती. धम्म मूर्तीतून निघालेला नाही. मूर्ती धम्माच्या मागून आलेली आहे, आणि ती माणसाच्या हातून आलेली आहे.

दगड

आता दगडाकडे वळू. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वर आलेल्या लाव्हारसाचे थर थंड होऊन बनलेला आहे. तो अतिशय कठीण असतो. उलट, सारनाथची धम्मचक्रप्रवर्तनाची जी जगप्रसिद्ध मूर्ती आहे, ती चुनारच्या वालुकाश्माची, म्हणजे वाळूच्या दगडाची आहे. तो दगड मऊ, बारीक कणांचा. म्हणून तिच्या चेहऱ्यावर ती नितळ सफाई आलेली आहे. दगड कोणता आहे यावरून मूर्ती किती बारकाईने कोरता येईल हे ठरते.

पाथरवट दगड निवडताना त्यावर हातोडी मारून कान देतो. दगड खणखणीत वाजला तर तो एकसंध आहे. बद्द वाजला तर आत कोठेतरी चीर आहे. अशा दगडावर सहा महिने खपून शेवटच्या आठवड्यात त्याचे दोन तुकडे व्हावयाचे. दगड पसंत पडला की त्याच्या समोरच्या आणि बाजूच्या अंगावर गेरूने आकृती काढतात. ओळंबा सोडून मधोमध उभी रेषा आखतात. मापासाठी चेहऱ्याची लांबी हे परिमाण धरतात. त्यास 'ताल' म्हणतात आणि एका तालाची बारा अंगुले होतात. उभ्या मूर्तीची उंची साधारणतः नऊ किंवा दहा ताल धरतात. हा मंत्र नव्हे, ही मोजपट्टी आहे. गवंडी जशी भिंतीची मापे घेतो, तशी मूर्तिकार शरीराची घेतो.

मग मोठ्या छिन्नीने जादा दगड काढून टाकावयाचा. येथे एक नियम असा की, दगडातून काढलेले पुन्हा जोडता येत नाही. म्हणून नाक, हनुवटी, हाताची बोटे असे जे जे पुढे आलेले भाग असतात, तेथे दगड मुद्दाम जास्त ठेवतात आणि शेवटी शेवटी कमी करीत आणतात. मोठ्या छिन्नीनंतर लहान टाकी, तिच्यानंतर दातेरी टाकी, मग सपाट टाकी, आणि अखेर वाळू व पाणी घेऊन घासकाम. काळ्या दगडावर टाकी चटकन बोथट होते. ती पुन्हा भट्टीत लाल करून, ठोकून, पाण्यात बुडवावी लागते. यालाच टाकीला पाणी देणे म्हणतात. पाणी कमी बसले तर टोक वाकते, जास्त बसले तर ते तुटते. म्हणजे प्रत्येक पाथरवटाच्या पाठीशी एक लोहार उभा असतो, आणि त्या लोहाराचे नाव कोणीच घेत नाही.

अजिंठ्याच्या कारागिरांपुढे तर याहून अवघड काम होते. तेथे दगड उचलून कारखान्यात आणलेला नाही. डोंगरच कोरलेला आहे. काम छतापासून सुरू होऊन खाली येई आणि समोरून आत जाई, त्यामुळे उंच लाकडी परातीची गरज पडत नसे. समांतर चर खणावयाचे, मग दोन चरांच्या मधला दगडाचा वरंबा फोडून काढावयाचा, आणि जेथे खांब किंवा मूर्ती यावयाची तेथला दगड अगोदरपासून शिल्लक ठेवावयाचा. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे अपुरे राहिलेले आहे. आपण तेथे गेलात तर पुरी झालेली लेणी पाहून लगेच परत फिरू नका; हे अपुरे लेणेही पाहा. घासून गुळगुळीत केलेल्या भिंतीवर जे लपून गेले आहे ते सारे तेथे उघडे आहे. घण कोठे पडला, टाकी कोणत्या दिशेने चालली, काम कोठे थांबले, हे तेथे डोळ्यांनी वाचता येते.

२६ क्रमांकाच्या लेण्यात डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाणाचे शिल्प आहे. उजव्या कुशीवर निजलेली तथागतांची ती मूर्ती सुमारे २३ फूट लांब आहे. भिंत खणताना कोणा एकाने हातभर दगड अधिक काढला असता, तर ती मूर्ती झालीच नसती. हे एकट्या माणसाचे काम नव्हे. सर्वांना एक आराखडा ठाऊक असावा लागतो, आणि ज्याच्या हातात घण आहे त्यालाही तो समजलेला असावा लागतो. हात चालवणारा निराळा आणि डोके चालवणारा निराळा, ही विभागणी जातिव्यवस्थेने आपल्या मनावर ठसवली आहे. परंतु अजिंठ्याची भिंत ती मान्य करीत नाही.

आपल्याकडे एक म्हण आहे की, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. आपणही ती गरिबीत धीर धरण्यासाठी वापरतो. पण जरा विचार करा. या म्हणीत दगडाने घाव सोसले हे सांगितले आहे; घाव घालणाऱ्याच्या हाताला घट्टे पडले, डोळ्यात कपची गेली, छातीत धूळ गेली, हे सांगितलेले नाही. दगडाला देवपण मिळाले. टाकी धरणाऱ्याला काय मिळाले?

माती

दगडात वजाबाकी आहे, तर मातीत बेरीज आहे. मूर्तिकार आधी लोखंडी सळ्यांचा आणि लाकडाचा सांगाडा उभारतो आणि त्यावर ओली चिकणमाती थापत जातो. येथे चूक दुरुस्त करता येते. नाक बसले नाही तर काढून पुन्हा लावता येते. रात्री मातीवर ओले फडके गुंडाळून ठेवावे लागते, नाहीतर ती सुकून तडकते. मातीची मूर्ती मनासारखी झाली की तिच्यावर प्लास्टरचा साचा तुकड्यातुकड्यांनी घेतात. साचा उकलून आतली माती काढून टाकतात, आणि रिकाम्या साच्यात प्लास्टर, सिमेंट किंवा फायबरग्लास भरतात. म्हणजे मूर्तिकाराने ज्या मातीवर आपले सारे कौशल्य ओतले ती माती शेवटी मोडली जाते, आणि तिचा आकार मात्र दुसऱ्या पदार्थात उतरतो. अनित्यतेविषयी आपण वंदनेच्या वेळी ऐकतो. मूर्तिकार ती रोज आपल्या हातांनी पाहत असतो.

यातून आपल्या कामाची एक गोष्ट निघते. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेला जिप्सम. तो स्वस्त आहे, पांढराशुभ्र आहे. परंतु ओल त्याला सोसत नाही. उघड्यावर ठेवलेली प्लास्टरची मूर्ती थोड्याच पावसाळ्यांत झिजते. सिमेंटची मूर्ती टिकते. पण आतल्या सळीवर सिमेंटचा थर पातळ राहिला तर पाणी आत जाते, सळी गंजते, गंजून फुगते आणि मूर्तीला तडा पाडते. फायबरग्लास म्हणजे काचेचे तंतू राळेसारख्या द्रवात बसवून केलेला पत्रा. तो हलका असतो, पण बारमाही उन्हात त्याचा रंग जातो. मूर्ती विकत घेताना वरचा सोनेरी रंग पाहून भुलू नका. आत काय आहे ते विचारा. कालामांना केलेल्या उपदेशात तथागतांनी जे शिकविले, ते दुकानातही उपयोगी पडते.

धातू

आता धातूची मूर्ती. या कामाला आपल्या महाराष्ट्रात फार जुनी परंपरा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला जमिनीत चार धातुशिल्पे सापडली. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ; सर्वांचे मिळून वजन ६० किलोहून अधिक. सुमारे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचे ते ओतकाम असल्याचे बहुतेक विद्वान मानतात. नालासोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला, तेव्हा आतल्या दगडी पेटीत करंडकाभोवती आठ छोट्या कांस्यमूर्ती मिळाल्या. सात बुद्धांच्या आणि एक मैत्रेयाची. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात त्या जपलेल्या आहेत.

अशी मूर्ती कशी ओततात? आधी माती, तूस आणि शेण यांचा मूर्तीच्या आकाराचा ओबडधोबड गाभा करतात आणि तो वाळवतात. त्यावर मधमाशीच्या मेणात राळ मिसळून त्याचा सारख्या जाडीचा थर चढवितात, आणि मूर्तीचे सारे बारकावे, डोळे, ओठ, चीवराच्या चुण्या, या मेणातच कोरतात. जितका मेणाचा थर, तितकीच पुढे धातूची जाडी. मेणाच्याच नळ्या जोडून रस आत जाण्याची आणि हवा बाहेर निघण्याची वाट करून ठेवतात. मग वरून मातीचे लेप. पहिला लेप वस्त्रगाळ मातीचा, कारण मेणावरची रेघन् रेघ त्यानेच उचलावयाची असते. नंतरचे लेप जाड, तुसाच्या मातीचे. आतला गाभा जागचा हलू नये म्हणून धातूचे खिळे आरपार बसवितात. हा मातीचा गोळा सावलीत सावकाश वाळवून भट्टीत तापविला की मेण वितळून वाहून जाते. आत राहते ती पोकळी. मूर्ती जेथे व्हावयाची तेथे त्या घटकेला काहीच नसते.

या पोकळीत मुशीतून धातूचा रस ओततात. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. त्यात कथील मिसळले की कांसे होते आणि ते थोड्या कमी उष्णतेला वितळते. किती धातू लागेल? ओतारी आधी मेण तोलून ठेवतो. तांबे मेणाच्या सुमारे नऊपट जड, त्या हिशेबाने धातू घेतो आणि नळ्यांसाठी थोडा वर ठेवतो. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने आपल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात ही मेणाची रीत आणि वजनाचे प्रमाण लिहून ठेवले आहे. राजाने ते लिहिले. पण शिकला कोणापासून? भट्टीसमोर घाम गाळणाऱ्या ओताऱ्याकडूनच हे ज्ञान पोथीत गेले असले पाहिजे.

रस ओतणे हा सर्वांत धोक्याचा क्षण. साच्यात थेंबभर ओल राहिली तर तिची क्षणात वाफ होते आणि तापलेला रस उसळून ओतणाऱ्याच्या अंगावर येतो. ओतणे मध्येच थांबले तर दोन थरांत सांधा पडतो आणि मूर्ती फुकट जाते. म्हणून दोन किंवा चार माणसे श्वास रोखून एकाच लयीत मूस वाकवितात. थंड झाल्यावर साचा फोडतात. साचा एकदाच वापरता येतो. म्हणून अशा रीतीने ओतलेली प्रत्येक मूर्ती एकुलती एक असते. मग नळ्या कापणे, कानशीने घासणे, छिन्नीने बारीक रेषा उठविणे, हे आठवडेच्या आठवडे चालते.

बिहारमध्ये सुलतानगंज येथे १८६१-६२ च्या सुमारास रेल्वेचे काम चालू असताना तांब्याची एक उभी बुद्धमूर्ती सापडली. ती सुमारे साडेसात फूट उंच आणि ५०० किलोहून जड आहे, आणि ती याच मेणाच्या रीतीने, आत मातीचा गाभा ठेवून ओतलेली आहे. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी ज्यांनी एवढा रस एका हिशेबाने सांभाळला, ती माणसे अडाणी नव्हती. त्यांना अक्षर येत असो वा नसो, त्यांना धातू वाचता येत होता. ही मूर्ती आज इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात आहे. तिच्या प्रवासाची हकीकत नोंदलेली आहे. तिच्या कर्त्याचे नाव नोंदलेले नाही.

मातेच्या प्रश्नाचे उत्तर

आता, माते, तुमच्या प्रश्नाकडे येतो. दगड निवडण्यापासून घासण्यापर्यंत, मेणापासून कानशीपर्यंत सारे काम मी आपणासमोर मांडले. यात असा एखादा क्षण आपणास दिसला काय, की ज्या क्षणी बाहेरून काही येऊन मूर्तीत शिरले? मला दिसला नाही. दगड दगडच राहिला, कांसे कांसेच राहिले. त्यात आले ते माणसाचे ज्ञान, माणसाचे श्रम आणि माणसाची धीर धरण्याची शक्ती. मूर्तीत बुद्ध येत नसतो. मूर्ती आपणास एका माणसाची आठवण देते, ज्याने स्वतःच्या प्रयत्नाने दुःखाचे कारण शोधले. ती आठवण घेऊन आपण घरी कसे वागतो, एवढाच प्रश्न उरतो.

प्राणप्रतिष्ठेचा विधी का निघाला, हेही समजून घ्या. जोपर्यंत दगड पाथरवटाच्या अंगणात असतो, तोपर्यंत तो त्यावर पाय देऊन उभा राहतो, मांडीवर घेतो, त्याचे नाक घडवितो. पुढे मंत्र म्हटले जातात, आणि त्या दिवसापासून त्याच पाथरवटाला गाभाऱ्यात मज्जाव होतो. ज्याने हात घडविले, त्याच्या हाताचा विटाळ होऊ लागतो. विधीने दगडात काही बदल होत नाही; बदल होतो तो मालकीत. घडविणाऱ्याच्या हातून मूर्ती काढून घेऊन ती पूजा करणाऱ्याच्या ताब्यात देण्याचा तो विधी आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर आपले वाडवडील सत्याग्रहाला उभे राहिले. देवळांचे दगड ज्यांनी खाणीत फोडले, गाड्यांत भरले आणि टाकीने घडविले, त्यांच्यासारख्याच कष्टकऱ्यांची ती माणसे होती, आणि दार त्यांच्याच तोंडावर बंद होते.

आपणही सावध असले पाहिजे. सिंहलद्वीप हा बौद्ध देश. परंतु तेथेही मूर्तीचे डोळे रंगविण्याचा एक विधी आहे. मुहूर्त पाहून, चित्रकार मूर्तीकडे पाठ करून, आरशात पाहत डोळे रंगवितो, कारण मूर्तीची पहिली नजर बाधते असे मानले जाते. तेव्हा बौद्ध म्हणविल्याने भय आपोआप जाते असे नाही. ते ज्ञानाने घालवावे लागते.

लेण्यांतील नावे

आपल्या पूर्वजांनी याविषयी काय केले, तेही सांगतो. कार्ल्याच्या चैत्यगृहावर एक लेख आहे. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या पुत्राने, दाराचे काम केले, असे त्यात कोरलेले आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पितळखोऱ्याच्या लेण्यात सापडलेला एक ठेंगणा, हसऱ्या चेहऱ्याचा दगडी यक्ष आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर लेख आहे की, कन्हदास या सोनाराने तो केला. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यातील शिल्पावर लिहिले आहे की, कन्हाचा अंतेवासी बलक याने ते केले. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी आपण हे काम केल्याचे नोंदविले आहे. जुन्नरच्या लेखांत बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींची, म्हणजे त्यांच्या संघटनांची, नावे आहेत; लोक त्यांच्याकडे धर्मादाय ठेव ठेवीत.

या लेखांतून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, सोनाराने दगड कोरला आहे, हस्तिदंतवाल्याने दगड कोरला आहे. ज्याला कौशल्य आले त्याने एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात हात घातला आणि कोणी त्याला अडविले नाही. दुसरी ही की, कोंडाण्याचा बलक आपली ओळख जातीने देत नाही. तो आपल्या गुरूच्या नावाने देतो. मी अमक्याचा शिष्य, हे काम माझे. बंधूंनो, विद्येने माणसाची ओळख ठरावी यासाठी बाबासाहेब आयुष्यभर झगडले. ती ओळख दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच डोंगरात एका कारागिराने कोरून ठेवली आहे.

पुढे ही रीत मागे पडली. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात दान देणाऱ्या भिक्षू बुद्धभद्राचे नाव आहे. टाकी चालविणाऱ्यांची नावे नाहीत. वेरूळच्या दहाव्या लेण्यात तर याहून मोठी गोष्ट घडली. तेथले छत लाकडी वाशांसारखे कोरलेले असल्यामुळे लोक त्याला सुताराची झोपडी म्हणू लागले, आणि आत बसलेल्या बुद्धाला विश्वकर्मा समजून सुतार मंडळी त्याच्या दर्शनाला येऊ लागली. ज्ञान लोपले तेव्हा कारागिरांची नावे तर गेलीच, खुद्द बुद्धाचे नावही गेले.

आपण त्यांना दोष देण्यापूर्वी स्वतःकडे पाहू. नवी दिल्लीच्या संसद भवनाच्या आवारात बाबासाहेबांचा कांस्यपुतळा आहे. २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. त्याचे चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तो शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी घडविला, हे या सभेत किती जणांना ठाऊक आहे? हात वर करण्याची गरज नाही.

आपण काय करावे

म्हणून आजच्या बैठकीपुढे मी चार सूचना ठेवतो.

पहिली सूचना. मूर्ती विकत घेण्यापूर्वी आपल्या समितीने मुलामुलींना बरोबर घेऊन मूर्तिकाराच्या कारखान्यात जावे आणि काम होताना पाहावे. ज्या मुलाने मूर्ती मोजपट्टीखाली पाहिली, त्याला पुढे कोणी मूर्तीच्या नावाने भय दाखवू शकणार नाही.

दुसरी सूचना. किमतीची घासाघीस करताना त्यातली मजुरी किती, हे विचारावे. दगड विजेच्या यंत्राने कोरडा कापला की बारीक धूळ उडते. त्या धुळीतील सिलिका फुप्फुसात साचते आणि सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग जडतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने हा रोग सरकारला कळविण्याच्या रोगांच्या यादीत घातला. परंतु अंगणात छपराखाली काम करणाऱ्यापर्यंत कायदा क्वचितच पोहोचतो. कापताना पाणी सोडणे आणि तोंडाला योग्य मुखपट्टी बांधणे, एवढ्याने पुष्कळ बचाव होतो. करुणेची मूर्ती घडविताना घडविणाऱ्याची छाती पोखरली जात असेल, तर ती मूर्ती आपण कोणत्या तोंडाने वंदावी? चार पैसे अधिक पडले तरी चालतील. पण पाणी वापरणाऱ्या कारखान्यातूनच मूर्ती घ्यावी.

तिसरी सूचना. आपली मुले चांगली चित्रे काढतात आणि आपण त्यांना रिकामटेकडी म्हणतो. शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना त्यांना बसवावे. मुंबईचे सर जे. जे. कला विद्यालय १८५७ साली सुरू झाले. तेथे शिल्पकलेचे शिक्षण मिळते. डॉक्टर, वकील, अधिकारी व्हावे हे ठीकच. परंतु आपल्या महापुरुषांचे चेहरे आपल्या मुलामुलींच्या हातूनही घडावेत, असे आपणास का वाटू नये?

चौथी सूचना सर्वांत छोटी आणि सर्वांत महत्त्वाची आहे. मूर्तीच्या पीठावर देणगीदारांची नावे कोरावयाचे आपण ठरविले आहे. त्या यादीवरून मागच्या बैठकीत आवाज चढले, हेही मला ठाऊक आहे. माझी विनंती अशी की, पीठावर पहिले नाव ज्याने मूर्ती घडविली त्याचे असावे. तो आपल्या समाजाचा असो वा नसो, बौद्ध असो वा नसो. कार्ल्यात सामी सुताराचे नाव आहे, पितळखोऱ्यात कन्हदास सोनाराचे आहे. आपल्या विहारात ते नसावे, हे शोभणारे नाही.

शेवटी, माते, तुम्ही विचारलेत की कोणाला बोलवावे लागेल. भन्तेंना धम्मदेसनेसाठी अवश्य बोलवू. त्यांनी येऊन आपणास शील सांगावे. मूर्तीत प्राण घालण्यासाठी मात्र कोणालाही बोलवावे लागणार नाही. आणि आणखी एका माणसाला आपण बोलवू. ज्याने मूर्ती घडविली, त्याला त्याच्या कुटुंबासह बोलवू. त्याला दारात उभे न ठेवता पहिल्या ओळीत बसवू, आणि त्या दिवशी मूर्तीला पहिले फूल त्याने वाहिले तर मला फार आनंद होईल. ते फूल त्याच्या हातात तुम्ही द्यावे, अशी माझी इच्छा आहे.

जय भीम.